परळचा पंडुरोग आणि गर्भिणीचें ताट

गर्भिणीच्या आहाराचा विचार आमच्या समाजास नवा आहे, असें कोणीही म्हणूं शकणार नाहीं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीनें महिन्यामहिन्यास काय सेवन करावें याचा क्रम घालून दिला आहे. तिच्या ठायीं दोन हृदयें नांदतात, एक तिचें व एक गर्भाचें, म्हणून तिची इच्छा मोडूं नये, ही दौहृदाची कल्पनाही आयुर्वेदांतलीच. आणि आमच्या घरांतील डोहाळे हा शब्द त्या दौहृदाशींच जोडला जातो. डोहाळजेवण, ओटभरण, बाळंतिणीचे डिंकाचे व अळिवाचे लाडू, पुढें मुलाचें उष्टावण : स्त्रीला दिवस गेल्यापासून मूल जेवूं लागेपर्यंतचा सारा काळ आम्हीं अन्नाच्या विधींनींच मोजला आहे. असें असतां याच समाजांतील कितीएक स्त्रिया गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडत, जिना चढतां चढतां धापा टाकीत, बाळंतपणाच्या सुमारास प्राणास मुकत, आणि घरचीं माणसें त्यास दैव म्हणून गप्प बसत, हें कसें? या प्रश्नाचें एक महत्त्वाचें उत्तर मुंबईस, परळच्या एका प्रयोगशाळेंत, १९२८ नंतरच्या चारपांच वर्षांत शोधलें गेलें. त्याचें फळ आज जगांतील बहुतेक प्रत्येक गर्भिणीच्या हातांत पडतें. पण ज्या शहरांत तें लागलें तेथील सुशिक्षित कुटुंबांसही त्याची हकीकत फारशी ठाऊक नाहीं. ती येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्लेगच्या सांथीनंतर डॉ. हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत नेण्यांत आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाऊं लागली. भोंवतालीं गिरणगांव पसरलेलें होतें. एकेका खोलीच्या चाळी, पहाटेचे भोंगे, आणि कोंकण-घाटावरून आलेलीं हजारों कुटुंबें असा तो परिसर. स्त्रियाही गिरणींत जात. वाइंडिंग व रीलिंग या खात्यांतून त्यांची संख्या मोठी असे. १९२८ हें साल मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें सहा महिने चाललेल्या संपाचें. त्याच सालीं डॉ. ल्यूसी विल्स या विदुषी परळास येऊन दाखल झाल्या.

विल्सबाईंचा जन्म १८८८ चा, इंग्लंडांतील. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, आणि मग लंडनच्या स्त्रियांसाठीं असलेल्या वैद्यकविद्यालयांतून १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानांत पुष्कळ वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनीं त्यांस येथें बोलावून घेतलें. पुढें १९४९ पासून जी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणून नांदूं लागली, त्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशननें माता बाळंतपणांत कां मरतात याची चौकशी आरंभिली होती. तींतील पंडुरोगाचा भाग विल्सबाईंकडे आला.

या पंडुरोगाचें लक्षण चमत्कारिक होतें. साध्या पंडुरोगांत रक्तांतील तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात, आणि लोह दिलें म्हणजे रोगी सुधारतो. येथें उलट प्रकार दिसे. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पेशी संख्येनें फार थोड्या, पण आकारानें नेहमीपेक्षां मोठ्या, अर्धवट वाढलेल्या अशा आढळत, आणि लोह देऊन कांहीं उपयोग होत नसे. युरोप-अमेरिकेंत वृद्धांना होणारा जो मारक पंडुरोग डॉक्टरांच्या परिचयाचा होता, त्याच्याशीं याचें रूप जुळे. त्या मारक पंडुरोगावर बोस्टन येथील मायनॉट व मर्फी यांनीं १९२६ सालीं उपाय शोधिला होता : रोग्यानें दररोज मोठ्या प्रमाणांत यकृत, म्हणजे जनावराचें काळीज, खावें. परंतु परळच्या चाळींतील गर्भिणीस रोज इतकें काळीज कोणी आणून द्यावें? कित्येकींच्या घरांत त्याचा स्पर्शही चालला नसता. आणि जेथें चालला असता तेथें पैसा नव्हता.

विल्सबाईंनीं प्रथम जंतूंचा शोध घेतला. आंतड्यांत कांहीं संसर्ग असावा आणि त्याचें विष रक्तांत भिनत असावें, ही त्या काळची शंका होती. पण तीस आधार मिळेना. मग त्यांनीं रोग्यांच्या ताटाकडे दृष्टि वळविली. मेहता, तळपदे इत्यादि एतद्देशीय सहकाऱ्यांसह त्यांचे निबंध १९३० पासून इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या नियतकालिकांत येऊं लागले. त्यांपैकीं तळपदे यांच्यासह लिहिलेला निबंध मुंबईंतील स्त्रियांचा आहार व राहणी यांच्या पाहणीचा आहे. प्रयोगशाळेंतील माणसानें कांचेची नळी खालीं ठेवून, कोणत्या घरांत भाजी किती शिजते, दूध किती येतें, तें कोणाच्या वांट्यास जातें, हें विचारूं लागावें, हीच त्या काळीं मोठी गोष्ट होती.

या चौकशींत असें दिसून आलें कीं, हें दुखणें गरीब मुसलमान स्त्रियांत विशेष आहे, आणि त्यांच्या जेवणांत हिरव्या भाज्या व फळें यांचा जवळ जवळ अभाव आहे. येथें एक चुकीची वाट फार सोपी होती. पडदा, अंधारी खोली, लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणें यांकडे बोट दाखवून एका समाजाच्या चालीरीतींस दोष देतां आला असता, आणि तसा दोष देण्यास त्या काळीं आणि आजही माणसें पुष्कळ मिळतात. विल्सबाईंनीं तसें केलें नाहीं. ताटांत काय कमी आहे, आणि तें भरून काढल्यास रोग हटतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न त्यांनीं पुढें ठेविला. प्रश्न असा नेमका मांडल्यामुळेंच त्याचें उत्तर मिळण्याजोगें झालें.

उत्तरासाठीं प्रथम उंदरांवर प्रयोग झाले. मुंबईच्या गरीब स्त्रीचें जें अन्न, त्याच धर्तीचें अन्न त्यांस घातलें, तेव्हां त्यांस पंडुरोग जडला. आणि अन्नांत यीस्ट मिसळल्यास तो टळला. पण पुढें असें निघालें कीं, उंदरांच्या अंगावरील उवांमुळें पसरणारा एक निराळा जंतुरोगही त्यांचें रक्त बिघडवीत होता. तेव्हां हा पुरावा निर्भेळ राहिला नाहीं. म्हणून माकडांवर प्रयोग करण्यांत आले, आणि निकृष्ट अन्नानें माकडांच्या रक्तांतही तशाच मोठ्या पेशी उत्पन्न होतात, हें बिलिमोरिया यांच्यासह लिहिलेल्या १९३२ च्या निबंधांत त्यांनीं दाखविलें.

दरम्यान माणसांवरील उपायही सांपडला होता. दारूच्या भट्टींत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडांत १९०२ पासून मार्माइट या नांवाचा एक काळपट, खारट, दाट अर्क तयार होत असे. तो स्वस्त होता, आणि प्राणिज नसल्यामुळें शाकाहारी स्त्रीसही देतां येण्यासारखा होता. तो दिल्यावर थोड्याच दिवसांत रोगिणीच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागत, आणि जिच्या जगण्याची आशा सोडली होती ती उठून बसे. १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत विल्सबाईंनीं हा उपाय प्रसिद्ध केला. मार्माइटांत नेमकें कोणतें द्रव्य आहे हें त्यांस सांगतां येत नव्हतें. तथापि तें द्रव्य यीस्टच्या अर्कांत आहे, कच्च्या यकृतार्कांत आहे, आणि मारक पंडुरोग बरा करणाऱ्या शुद्ध केलेल्या यकृतार्कांत मात्र तें नाहीं, म्हणजे दोन्ही रोगांचें औषध एक नव्हे, हें त्यांनीं १९३७ पर्यंत सहकाऱ्यांसह पक्कें केलें. त्या अनाम द्रव्यास पुढें शास्त्रज्ञ ‘विल्स-घटक’ म्हणूं लागले.

याच सुमारास मुंबईंत हाच प्रश्न निराळ्या सभागृहांत चर्चिला जात होता. गिरणींतील स्त्रीला बाळंतपणाच्या आधीं व नंतर पगारासह विश्रांति मिळावी, अशा कायद्याचा मसुदा १९२८ सालीं मुंबई विधिमंडळापुढें आला, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास जोरदार पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागें मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ सालीं तो कायदा झाला. या देशांतील त्या प्रकारचा तो पहिलाच. पुढें १९६१ सालीं सर्व देशासाठीं कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनें रजेची मुदत सव्वीस आठवड्यांपर्यंत गेली. परळांतील विदुषी आणि विधिमंडळांतील सभासद एकमेकांशीं बोलले होते असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु दोघांचें कार्य एकाच वस्तूच्या दोन बाजू होत, हें आज स्पष्ट दिसतें. ज्या स्त्रीची मजुरी बाळंतपणांत तुटते, तिच्या ताटांतून सर्वांत आधीं भाजी व दूध हींच जातात. भात किंवा भाकरी शेवटपर्यंत राहते. पोट भरतें, पण रक्त भरत नाहीं.

विल्स-घटकाची पुढील कथा मुंबईबाहेरची आहे. १९४१ सालीं अमेरिकेंत टेक्सस विद्यापीठांतील मिचेल, स्नेल व विल्यम्स या त्रयीनें सुमारें चार टन पालकापासून एक द्रव्य अल्प प्रमाणांत वेगळें काढलें, आणि लॅटिन भाषेंतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव फोलिक ॲसिड ठेविलें. तेंच द्रव्य कारखान्यांत तयार करण्याची रीत १९४५ सालीं लेडर्ली प्रयोगशाळेंतील मंडळींनीं सिद्ध केली. त्या संशोधनाचे प्रमुख आंध्रांतील भीमवरम् येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते, ही गोष्ट आम्हांस अभिमानास्पद वाटणें साहजिक आहे. परळच्या रोगिणी मार्माइटानें कां उठल्या, याचें रासायनिक उत्तर असें पंधरा वर्षांच्या आंत हातीं आलें.

एवढ्यावर हें प्रकरण संपलें असतें, तर तें एका रोगाच्या उपायाचें प्रकरण राहिलें असतें. पण १९६५ सालीं लिव्हरपूलचे हिबर्ड व स्मिथेल्स यांनीं असा विचार पुढें मांडला कीं, आईच्या शरीरांत या द्रव्याची उणीव असल्यास त्याचा परिणाम गर्भाच्या घडणीवरही होत असावा. गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भधारणेपासून सुमारें अठ्ठावीस दिवसांत मिटावी लागते. ती उघडी राहिल्यास मूल कण्याचें किंवा मेंदूचें व्यंग घेऊन जन्मतें, अथवा जगतच नाहीं. या तर्काची कसोटी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें सात देशांतील तेहतीस केंद्रांत घेतली. पूर्वीं असें मूल झालेल्या १,८१७ स्त्रियांनीं तींत भाग घेतला, आणि १९९१ सालीं निकाल जाहीर झाला : फोलिक ॲसिड घेणाऱ्या स्त्रियांत हा धोका शेंकडा ७२ नें घटला. मात्र त्याबरोबर एक अडचणीचें सत्यही पुढें आलें. अठ्ठावीस दिवस म्हणजे पाळी चुकली आहे कीं काय अशी शंका येण्याचा काळ. डोहाळे लागण्यापूर्वींच ती नळी मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून मूल व्हावें अशी इच्छा असणाऱ्या स्त्रीनें आधींपासूनच दररोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावें, असें वैद्यकाचें सांगणें आहे. पूर्वीं तसें मूल झालें असल्यास मात्रा पुष्कळ मोठी लागते, व ती डॉक्टरांनींच ठरवावयाची असते.

आपल्या देशांत गर्भिणींस लोह व फोलिक ॲसिड यांच्या गोळ्या वांटण्याची राष्ट्रीय योजना १९७० सालीं सुरू झाली, आणि २०१८ सालीं तिला ॲनिमियामुक्त भारत हें नवें रूप आलें. तींत गर्भिणीस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असलेली गोळी रोज एक, याप्रमाणें १८० दिवस द्यावी असें ठरलें आहे. गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे, आणि ती न घेण्यास कोणतेंही शहाणपणाचें कारण नाहीं. तरीही २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ५२ गर्भिणी पंडुरोगी आढळल्या. गोळीनें मळमळतें म्हणून ती डब्यांतच पडून राहते, ती वेळेवर मिळत नाहीं, गरोदरपणाआधींच मुलगी फिकी असते, अशीं कारणें अनेक आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशीं विल्सबाईंनीं विचारलेला प्रश्न तसाच उभा आहे : घरांत जें शिजतें त्यांतलें तिच्या वांट्यास काय येतें?

गोळी एकाच द्रव्याची असते आणि ताट अनेकांचें, हा धडाही आमच्याच भागांतून मिळालेला आहे. १९४८ सालीं ब-१२ हें जीवनसत्त्व वेगळें करण्यांत आलें. युरोपांतील वृद्धांच्या ज्या मारक पंडुरोगापासून विल्सबाईंनीं आपला रोग वेगळा काढला, त्याच्या मुळाशीं याच द्रव्याची उणीव होती. दूध, अंडीं, मासे, मांस यांतून तें मिळतें; भाजीपाल्यांत तें नाहीं. १९६२ सालीं वेल्लोरच्या डॉक्टरांनीं अशीं अंगावर पिणारीं मुलें वर्णिलीं कीं, ज्यांच्या शाकाहारी मातांच्या शरीरांतच ब-१२ नव्हतें, म्हणून दुधांतही तें उतरलें नव्हतें. त्यांची वाढ खुंटली होती आणि शिकलेल्या हालचाली तीं विसरूं लागलीं होतीं. दोष मातेच्या दुधाचा नव्हता. पहिले सहा महिने मुलास अंगावरचें दूधच द्यावें, पाणीसुद्धां नको, हा नियम सर्वमान्य आहे. परंतु त्या दुधाचें मूळ आईच्या ताटांत आहे, हें त्या मुलांनीं दाखवून दिलें.

पुणें शहराजवळील सहा गांवांत १९९३ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक (‘यजनिक’ असेंही त्यांचें नांव लिहितात) व त्यांचे सहकारी यांनीं गर्भिणींच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं मुलें जन्मतां अधिक भरलेलीं असत, असें त्यांस २००१ पर्यंत दिसून आलें. तींच मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर दुसरी गोष्ट आढळली. ज्या मातांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होतें, त्यांच्या मुलांत पुढें मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणा अधिक होत्या. हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. यावरून गोळी टाकून द्यावी असें मुळींच निघत नाहीं; एक उणीव भरतांना तिच्या शेजारची दुसरी विसरूं नये, एवढेंच निघतें.

आणि शेवटीं मुंबई. २००६ पासून कांहीं वर्षें शहरांतील झोपडपट्ट्यांत साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला. गर्भधारणेपूर्वींपासून बाळंतपणापर्यंत एका गटास पालेभाजी, फळें व दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. दुसऱ्या गटास बटाटा-कांद्यासारख्या कमी सकस जिनसांचा. २०१४ सालीं निकाल आला. सर्व मिळून पाहतां मुलांच्या जन्मवजनांत ठळक फरक पडला नाहीं. परंतु गर्भधारणेपूर्वीं तीन महिने तरी खाऊ मिळालेल्या स्त्रियांचीं मुलें सरासरीनें सुमारें ४८ ग्रॅम अधिक वजनाचीं होतीं, आणि तीही वाढ मुख्यतः फार कृश नसलेल्या मातांत दिसली. म्हणजे जी स्त्री आधींच वाळून गेली आहे, तिच्या बाबतींत गरोदरपणींचा खाऊ उशिरां पोंचतो. हा निकाल आम्हांस फार बोलका वाटतो. ज्या गोष्टीचा आरंभ आम्ही डोहाळजेवणापासून धरतों, तिचा खरा आरंभ मुलगी वयांत येते तेव्हां, किंबहुना तिच्या बाळपणींच होतो.

सुखवस्तु मध्यम वर्गाच्या वाचकांस वाटेल कीं, ही गरिबांची कथा झाली; आमच्या घरीं अन्नास काय तोटा? पण तोटा अन्नाचाच असतो असें नाहीं. भाजी चिरून मग धुवावयाची, पुष्कळ पाण्यांत रटरटा शिजवावयाची आणि तें पाणी ओतून द्यावयाचें, या पद्धतीनें फोलेट मोरींतून वाहून जातें. तें पाण्यांत विरघळतें आणि फार उष्णतेनें नासतें. पालक, मेथी, माठ, चवळी, मटकी, हरभरे, शेंगदाणे, संत्रें यांत तें आहे. थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून, बेतानें शिजविल्यास तें पुष्कळसें टिकतें. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नांतील लोह अंगीं कमी लागतें. लिंबू पिळल्यास अधिक लागतें. बकरीच्या दुधांत फोलेट फारच थोडें असतें, म्हणून तान्ह्या मुलास केवळ त्यावर वाढवूं नये. सहा महिने पुरे झाले कीं उष्टावण लांबवूं नये, आणि तें झाल्यावर मुलास नुसती पेज पाजीत न बसतां मऊ वरणभात, कुस्करलेली भाजी, नाचणीचें सत्त्व, घरांत चालत असल्यास अंडें, असें हळूहळू देत जावें. सून सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेलें खाते, ही रीत कित्येक सुशिक्षित घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. तीस सोज्वळ संस्कार म्हणावें कीं पंडुरोगाचें कारण म्हणावें, याचा ज्याचा त्यानें विचार करावा.

विल्सबाई १९३८ पासून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत काम करीत राहिल्या, निवृत्तीनंतर तेथील नगरपालिकेंत लोकप्रतिनिधि म्हणून बसल्या, आणि १९६४ सालीं निवर्तल्या. त्यांच्या सोबत निबंधांवर ज्यांचीं नांवें आहेत त्या मेहता, तळपदे, बिलिमोरिया यांस आज कोणी ओळखत नाहीं. आणि ज्या स्त्रियांनीं आपलें रक्त तपासावयास दिलें, आपल्या घरांत काय शिजतें तें सांगितलें, तो खारट काळा अर्क गिळला, त्यांचीं तर नांवेंही उरलीं नाहींत. जगांतील कोणतीही गर्भिणी ती लहानशी गोळी तोंडांत टाकते, तेव्हां तिच्या मागें परळच्या त्या अनाम स्त्रिया उभ्या असतात. त्यांचें ऋण गोळीनें अर्धें फिटलें आहे. उरलेलें अर्धें रोजच्या ताटांतून फेडावयाचें आहे, आणि तें प्रत्येक घराच्या हातचें आहे.